आम्ही कळवू

आमच्या ताईच्या मुलाने वयाच्या चोविसाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं ताट घासलं. फोटो घरच्या ग्रुपवर आला, म्हणून वेळेसकट सांगता येतं: स्टुटगार्टला पोचल्यापासूनचा चौथा दिवस, रात्रीचे साडेनऊ. ताट स्टीलचं, मागे पणजोबांचं नाव कोरलेलं, ताईने स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या तळाशी घातलेलं. इकडे सकाळी उठल्याउठल्या सतरा जणांनी हात जोडले, दोघांनी फुलं वाहिली. ताईने लिहिलं, ‘किती गुणी गं माझं बाळ!’ ही ताई गेली तीस वर्षं रोज घरादाराची ताटं घासते किंवा घासून घेते. तिला ग्रुपवर कुणी फूल सोडाच, दूर्वासुद्धा वाहिलेली मला आठवत नाही.

या ताटाचा खर्च मी एकदा पाठकोऱ्या कागदावर मांडला. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा हवा तर ‘ब्लॉक्ड अकाउंट’ नावाच्या खात्यात वर्षभराच्या पोटापाण्याचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवावे लागतात. म्हणजे बारा लाखांच्या घरात. पैसे आपलेच, पण हात लावायचा नाही. तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो सुटतात. भावोजींनी मुलगा कॉलेजात असताना त्याला असेच महिन्याला मोजून पैसे द्यायला सुरुवात केली होती, तर ‘पोराला भिकाऱ्यासारखं वागवता’ म्हणून ताईने दोन दिवस अबोला धरला. तेच जर्मन सरकारने केलं आणि ताई चार घरी सांगत फिरली, ‘तिकडे शिस्त म्हणजे शिस्त हं!’ ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे वाक्यही आमच्याकडे बरेच दिवस फिरत होतं. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो फी लावली आहे, हे फॉर्म भरून झाल्यावर कळलं. त्याशिवाय एपीएस. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना हा दाखला लागतो. तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत असं दिल्लीतलं एक कार्यालय लिहून देतं, फी १८,००० रुपये. आपल्या विद्यापीठाने दिलेला कागद आपल्याच विद्यापीठाने दिलाय, एवढं सांगायला अठरा हजार! राग कुणाचा मानायचा ते मात्र ठरेना. जर्मनांचा, की त्यांच्या मनात ही शंका पेरणाऱ्या आपल्याकडच्या कलावंतांचा?

पण या सगळ्याआधी एसओपी. स्टेटमेंट ऑफ पर्पज. मराठीत हेतुकथन म्हणा हवं तर. हेतू कन्सल्टंटचा असतो आणि कथनही त्याचंच. भाच्याचा एसओपी तपासायला माझ्याकडे आला. ‘मावशी, तू पेपरात लिहितेस ना, जरा नजर टाक.’ पहिल्याच ओळीत तो पाच वर्षांचा होता आणि यंत्रांनी झपाटलेला होता. मी त्याची सख्खी मावशी. पाच वर्षांचा असताना त्याने मिक्सरच्या भांड्यात आजोबांची कवळी फिरवली होती, यापलीकडे त्याचा यंत्रांशी संबंध आल्याचं मला ठाऊक नाही. शेवटच्या परिच्छेदात तर ‘विविध संस्कृतींच्या सहवासातून’ तो ‘व्यक्ती म्हणून समृद्ध’ झाला होता. विमानाचं तिकीट निघालं नव्हतं आणि माणूस समृद्ध होऊन परतसुद्धा आला होता.

‘अरे, हे होणारच हे तुला आत्ताच कसं कळलं?’

‘अगं, फॉरमॅट असतो तो.’

मी दोन स्वल्पविराम घातले आणि परत दिला.

मग बॅगा. तेवीस-तेवीस किलोच्या दोन. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याचा हुकाचा काटा मागून आणला आणि दाराच्या कडीला बॅग टांगून घरातल्या सहा माणसांनी वजन वाचलं. सहा आकडे आले. कुकर, मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि दोन किलो साजूक तूप. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे ताईने घरी कढवलेलं तूप कायद्याच्या भाषेत चोरटा माल. जन्मात कधी सिग्नल न तोडलेल्या या बाईने ते खोबरेल तेलाच्या निळ्या बाटल्यांत भरलं. थिजल्यावर सारखंच दिसतं, हा तिचा युक्तिवाद. मुलगा दीड महिना त्या बाटल्यांना हात लावत नव्हता. तेलच समजत होता.

आता जरा बूड टेकून सांगण्यासारखी गोष्ट. स्टुटगार्ट म्हणजे मोटारींचं गाव. मर्सिडीज तिथली, पोर्शे तिथली. शिवाय १९६८ पासून ते मुंबईचं भगिनी-शहर आहे. बहिणीच्या गावी गेल्यावर निदान टेकायला जागा मिळेल असं कुणालाही वाटेल. पण हे नातं महापौरांचं असतं, भाडेकरूंना त्यात कुणी विचारत नाही. वसतिगृहाची प्रतीक्षायादी मारुतीच्या शेपटीएवढी. म्हणून ‘वेगे’ शोधायचं. वेगे म्हणजे चार-पाच जणांनी मिळून भाड्याने घेतलेलं घर. खोली ज्याची त्याला, स्वयंपाकघर सामाईक. एखादी खोली रिकामी झाली की उरलेली मंडळी इच्छुकांना बोलावून पारखतात. त्याला तिकडे खरोखर ‘कास्टिंग’ म्हणतात.

पहिल्या कास्टिंगला भाचा इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल बगलेत मारून गेला. कॅम्पस इंटरव्ह्यूची सवय. स्वयंपाकघरात चौघं जण पायात लोकरी मोजे घालून, चहाचे मग हातात धरून बसलेले. फाइल कुणी उघडली नाही. सकाळी किती वाजता उठतोस? घरी जास्त असतोस की बाहेर? भांडी लगेच घासतोस की ठेवतोस? (इथे त्याने फोटो दाखवला.) आणि मग, अगदी हसतमुखाने: तू काय काय शिजवतोस? त्याला वास असतो का? भाच्याने फोडणीला जर्मन शब्द शोधला, सापडला नाही. म्हणून सविस्तर सांगू लागला: तेल तापवायचं, मोहरी तडतडली की जिरं, मग हिंग. हिंगाचं वर्णन चालू असताना चौघांपैकी एकीने खिडकीकडे पाहिलं. निघताना सगळ्यांनी हात हलवून निरोप दिला आणि म्हणाले, ‘व्हिर मेल्डन उन्स.’ म्हणजे, आम्ही कळवू.

भाचा खूश होऊन फोनवर म्हणाला, ‘मावशी, जमलं बहुतेक. कळवतो म्हणालेत.’

मी काय बोलणार? आमच्या ताईला दाखवायच्या दिवसांत नऊ घरची माणसं पोहे खाऊन ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणून गेली होती. नवव्या वेळेपर्यंत पोह्यांत शेंगदाणे घालणं आईने बंद केलं होतं.

दोन महिन्यांत त्याने चौसष्ट ई-मेल धाडल्या आणि अकरा कास्टिंगं दिली. तोवर मित्राच्या मित्राकडे जमिनीवर गादी. बरं, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारदरबारी पत्ता नोंदवायचा असतो. त्याला जागा देणाऱ्याची सही लागते. गादीचा मालक ती देईना. नोंद नसली की कराचा क्रमांक नाही, पुढचे सगळे कागद अडतात. आणि घर बघायला गेलं की मालक कागदच आधी मागतो. लग्नाशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना, हे आपण उगाचच आपलं समजत होतो.

एका रात्री त्याने फेसबुकवर लांबलचक पोस्ट टाकली. इंग्रजीत. नुसतं नाव वाचून माणसाला बाद करणं, त्याच्या जेवणाच्या वासावरून त्याची लायकी ठरवणं, तोंडावर नाही म्हणण्याचीही हिंमत नसणं, वगैरे. तळमळून लिहिली होती, चांगली होती. कन्सल्टंटची नव्हती हे लगेच कळत होतं. भावोजींनी ती ‘प्रत्येकाने वाचावे असे’ म्हणून पुढे पाठवली.

याच भावोजींचा धायरीला एक वन बीएचके आहे. निवृत्तीची सोय म्हणून घेतलेला. त्याच्या जाहिरातीचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं, म्हणून मजकूर पाठ आहे: ‘फक्त शाकाहारी कुटुंबास. बॅचलर क्षमस्व.’ आणि आडनाव फोनवरच विचारून घ्यायचं, ही एजंटाला वेगळी, तोंडी सूचना. ‘क्षमस्व’ हा शब्द माझा. आधी ‘बॅचलर नको’ असं होतं. मला ते असभ्य वाटलं.

पुढे जाते. (सदराला जागा मोजकीच असते. शिवाय लेखिकेलाही नातेवाईक असतात.)

अखेर एका चढावरच्या जुन्या घरात पोटमाळ्याची खोली मिळाली. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, हिंगाबद्दल काही म्हणणं नाही, नाकाने साथ सोडलेली. पण जिन्याबद्दल म्हणणं होतं. स्टुटगार्टच्या बाजूला ‘केअरव्होखं’ नावाची रीत आहे: झाडण्याचा आठवडा. घरातल्या भाडेकरूंच्या पाळ्या लागतात. आठवडा तुमचा असला की तशी पाटी तुमच्या दाराला येऊन लटकते. मग जिना, कठडा, पुढचा दरवाजा, त्याच्यासमोरचा फुटपाथ आणि हिवाळ्यात त्यावरचा बर्फ, सगळं तुमचं. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दाराला अडकवून मोकळं व्हायचं. भाचा गाडगेबाबांच्या मुलुखातला. शाळेत त्यांच्या जयंतीला खराटा हातात धरून काढलेला फोटो अजून ताईच्या शोकेसमध्ये आहे. खराटा जमिनीला लागलेला नाही, एवढंच. पहिल्या पाळीला त्याने आजोळच्या वाड्याचं अंगण धुतात तशी वरून बादली ओतली आणि खराटा मारत खाली आला. जिना लाकडी होता. मालकीणबाईंनी जे काही ऐकवलं त्यातला एकही शब्द त्याच्या ए-टू पातळीच्या जर्मन कोर्समध्ये नव्हता, तरी सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गुडघ्यावर बसल्या, पिळलेल्या फडक्याने एक पायरी पुसून दाखवली आणि फडकं त्याच्या हातात दिलं. एकोणचाळीस पायऱ्या. त्याने मोजल्या, कारण फडकं घेऊन गुडघ्यावर आलं की मोजल्या जातातच.

विद्यापीठाबद्दल फार सांगत नाही, ते सगळीकडे विद्यापीठासारखंच असतं. वेळापत्रकात ‘१० सी.टी.’ असं लिहिलं की तास सव्वादहाला सुरू होतो. वक्तशीर म्हणून जगभर मिरवणाऱ्या या लोकांनी पंधरा मिनिटांचा उशीर लॅटिनमध्ये लिहून कायदेशीर करून घेतलाय. आपण अजून ट्रॅफिकवर ढकलतो. तास संपला की टाळ्या नाहीत, बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक. भाच्याला वाटलं मास्तरांना हाकलताहेत, आणि पुण्यातल्या कॉलेजच्या सवयीने त्याने सर्वांत जोरात ठोकलं. गुणांचंही उलटं: १ म्हणजे उत्तम, ४ म्हणजे काठावर, ५ म्हणजे नापास. पहिल्या परीक्षेत ‘२.३ मिळाले’ म्हणून त्याने आनंदाने कळवलं. आजोबांनी ‘किती पैकी?’ एवढंच विचारलं आणि त्या रात्री जेवले नाहीत. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीन संधी. तिन्ही हुकल्या की नाव कटतं, आणि तोच अभ्यासक्रम त्या देशात दुसरीकडेही धरता येत नाही. एटीकेटीच्या छत्रछायेत वाढलेल्या मुलाला ही माहिती पहिल्या आठवड्यात मिळाली. जानेवारीपर्यंत त्याचं वजन सहा किलोंनी उतरलं.

मिळकतीचं म्हणाल तर विद्यार्थ्याला वर्षाकाठी १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते. आमचा आठवड्यातल्या तीन संध्याकाळी सायकलवरून लोकांच्या घरी जेवण पोचवतो. ताई शेजारी सांगते, ‘लॉजिस्टिक्समध्ये आहे, पार्ट-टाइम.’ खोटं कुठे आहे? द्रोणागिरी आणला तेव्हा मारुतीही लॉजिस्टिक्समध्येच होता.

फोनवर दोन्हीकडून खोटं बोलायचं असतं, हा अलिखित करार. तो पावसात सायकलवरून घसरला तेव्हा महिनाभर कॅमेरा गळ्याच्या वरच राहिला. इकडे ताईच्या मनगटाचं हाड मोडलं तेव्हा तिने पोराशी बोलताना प्लास्टर टेबलाखाली धरलं आणि डाव्या हाताने फोन. ‘आई, तू डावरी कधी झालीस?’ त्याने विचारलं. ‘तुझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय, नीट झोपत जा,’ ती म्हणाली.

झोपत नव्हता, हे खरंच होतं. पहिल्या डिसेंबरात एकदा सकाळी नऊला मला फोन आला. तिकडे साडेचार. म्हटलं, काय रे? ‘काही नाही. तू तुझं काम कर. फोन फक्त चालू ठेव.’ मी फोन ओट्यावर कपबशांना टेकवून ठेवला आणि भांडी घासायला घेतली. खाली भाजीवाला मेथी-पालक ओरडत गेला. समोरच्यांनी स्कूटरला बारा किका मारल्या. माझ्या हातून कुकरचं झाकण सटकलं आणि फरशीवर भिरभिरत बराच वेळ वाजत राहिलं. वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. ‘मावशी,’ तो म्हणाला, ‘झाकण पडलं ना, बरं वाटलं. झोपतो आता.’ हे काही एसओपीत लिहिलेलं नव्हतं. असलं लिहायला फॉरमॅट नसतो बहुधा.

नंतर उन्हाळा आला तशी गाडी रुळावर आली. त्या दिवसांतली एक गोष्ट. तिकडे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की वर २५ सेंट अनामत भरावी लागते, बिअरच्या काचेच्या बाटलीला ८ सेंट. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात सरकवली की पैसे परत. मर्सिडीजच्या त्या गावात संध्याकाळी बागेत, स्टेशनात म्हातारी माणसं हातात टॉर्च आणि कापडी पिशवी घेऊन कचऱ्याचे डबे चाचपत हिंडतात. म्हणून तिथली तरुण मुलं बाटली डब्यात टाकत नाहीत, डब्याला टेकवून बाहेर उभी ठेवतात. म्हाताऱ्याला घाणीत हात घालायला लागू नये. भाच्यानेही पाहून पाहून तसं सुरू केलं. एकदा एका आजोबांनी बाटली उचलली, टोपीला हात लावला आणि पुढे गेले. त्या रात्री त्याने मला विचारलं, ‘आपल्या सोसायटीत कचऱ्याला त्या येतात ना, त्यांचं नाव काय गं?’

आमच्याकडे ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बाई येतात. ओला-सुका वेगळा द्या म्हणून बिचाऱ्या वर्षानुवर्षं सांगताहेत. आमचा हा राजपुत्र केळ्याच्या सालीवर बॅटरीचे सेल टाकायचा. आता पिवळ्या पिशवीत काय, तपकिरी डब्यात काय, पांढरी-हिरवी-तपकिरी काच वेगवेगळी, आणि रविवारी काचेच्या डब्याकडे फिरकायचं नाही कारण आवाज होतो, हे सगळं झोपेतून उठवलं तरी सांगतो. मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मीही त्यांना ‘कचरेवाल्या मावशी’ एवढंच म्हणत आले होते.

आता तुम्ही म्हणाल, मुलींचं काय? शेजारच्या मुलीने लीड्सला जाऊन वर्षाचं मास्टर्स केलं. ताट ती दुसरीपासून घासत होती, त्यामुळे तिचा फोटो आला नाही. ती तिकडे काय शिकली? रात्री अकराला लायब्ररीतून एकटीने चालत खोलीवर यायचं, आणि आल्यावर ‘पोचले’ असा मेसेज कुणाला करायचा नाही. परतल्यावर पहिल्याच रविवारी चहा पिता पिता म्हणाली, ‘लग्नाचं मला इतक्यात बोलायचं नाही.’ नेमकं हेच वाक्य आमच्या भाच्याने फोनवर टाकलं तेव्हा ‘बघा, पोरगा किती मॅच्युअर झाला’ असं ठरलं होतं. तिच्या वेळी ‘तरी मी सांगत होते, पाठवू नका.’ खर्च दोघांचा सारखाच आला असेल. वाढ मात्र एकाची दागिन्यासारखी मिरवली गेली आणि एकीची डॉक्टरांना दाखवावी की काय, असा विचार झाला.

आणि शिकून परत आलेल्या माणसाचं आपण काय करतो, याचा जुना दाखलाही हाताशी आहे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला. न्यूयॉर्कला राहायला जागा मिळाली, लंडनला मिळाली. १९१७ मध्ये करारानुसार बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले आणि अख्ख्या शहरात त्यांना खोली मिळेना. शेवटी पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढलं. ज्या आठवणींत त्यांनी हे लिहिलंय, त्यांचं नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. आमच्याकडे व्हिसाच्या रांगेतल्या प्रत्येक मुलाला एपीएस माहीत असतं, हे नाव विचारून बघा.

तर भाचा सव्वा वर्षाने, नाताळच्या सुट्टीत तीन आठवडे घरी आला. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर ताट उचलून मोरीकडे निघाला. ताईने हातातून ओढून घेतलं, ‘अरे, चार दिवसांचा पाहुणा तू!’ दुसऱ्या दिवशी ताट सिंकपर्यंत गेलं. तिसऱ्या दिवशी त्याने नुसतं पुढे सरकवलं. चौथ्या दिवशी ते टेबलावर वाळत पडलं होतं, आणि ताई ते उचलताना इतक्या समाधानाने म्हणाली, ‘आला बाई माणसांत!’ जिना झाडायला निघाला तेव्हा वॉचमन घाबरला. ‘साहेब, माझी काही चूक झाली का?’ म्हणाला. तो बेत तिथेच राहिला. पण एक केलं त्याने. सकाळी कचऱ्याच्या वेळेला दारात उभा राहिला आणि बाईंना नाव विचारलं. त्यांनी आधी संशयाने पाहिलं, मग सांगितलं. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं आणि मला पाठवलं. आता मीही नावाने हाक मारते. पहिले दोन दिवस त्यांना ती आपल्यालाच मारलीय हे कळत नव्हतं.

परतायच्या आदल्या रविवारची गोष्ट. मी ताईकडे होते. ताई देवळात, भावोजी आंघोळीला. टीपॉयवरचा त्यांचा फोन वाजला, भाच्याने पाय सोफ्यावर तसेच ठेवून तो स्पीकरवर घेतला. धायरीच्या फ्लॅटचा एजंट.

‘साहेब नाहीत का? बरं, सांगा त्यांना. पार्टी आहे. मुलगा एकटाच आहे, इंजिनिअरिंगला, लातूरकडचा. साधा आहे एकदम. दोन महिने झाले फिरतोय खोलीसाठी. नॉनव्हेज खातो म्हणतो, पण घरात नाही करणार म्हणाला, लिहून देतो म्हणाला.’ मग एजंटाने आवाज जरा खाली आणून आडनाव सांगितलं. ‘काय सांगू त्याला? इथेच उभा आहे.’

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी पेपर उलटा धरलाय हे मला नंतर दिसलं. आतलं नळाचं पाणी थांबलं, दाराची कडी वाजली.

‘कळवतो,’ भाचा म्हणाला.